उसण भरलेल्या कंबरेने पुन्हा केटलबेल उचलताना

माझी कंबर गेली ती केटलबेलचा (वर मूठ असलेल्या लोखंडी गोळ्याचा) स्विंग मारताना, म्हणजे ती मांड्यांमधून झुलवून वर नेताना, नव्हे. दहा-दहाचे आठ सेट नीट झाले होते. शेवटचा संपत आला आणि दाराची घंटी वाजली. हातातली २४ किलोची केटलबेल मी उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला, दाराकडे बघत बघत खाली ठेवायला गेलो. कंबरेत कट्ट झालं, श्वास अर्ध्यावर अडकला आणि मी सतरंजीवर ओणवाच राहिलो. दार बायकोने उघडलं. मला सरळ व्हायला दहा मिनिटं लागली.

उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायचा, हा आमच्याकडचा जुना इलाज. आईने शेजारच्या काकांना बोलावलंही. काका आले, चहा पिऊन गेले, पाय काही मी लावू दिला नाही. चौथ्या दिवशी कळ डाव्या कुल्ह्यातून पोटरीपर्यंत उतरली, तेव्हा डॉक्टर, एमआरआय आणि फिजिओथेरपी या रांगेत उभा राहिलो. खालून दुसरी चकती (दोन मणक्यांमधली गादी), म्हणजे कंबरेचे चौथा आणि पाचवा मणके, एल-४ आणि एल-५, यांच्या मधली, मागे फुगलेली होती. पुन्हा केटलबेल हातात घ्यायला मला चार महिने लागले, स्विंगला सात. मधे एकदा घाई केली आणि तीन आठवडे मागे गेलो.

या सगळ्यातून दोन गोष्टी शिकलो आणि पुढचा सगळा लेख त्यांच्यावरच उभा आहे. एक, केटलबेल उचलणं आणि ठेवणं हे व्यायामाच्या आधी-नंतरचं किरकोळ काम नसतं, तो व्यायामच असतो. दोन, कालचा व्यायाम मानवला की नाही हे काल कळत नाही, आज सकाळी कळतं. माझ्या फिजिओ मॅडम दर वेळी एकच प्रश्न विचारायच्या: “किती किलो उचललंत ते नका सांगू, सकाळी मोजे कसे घातले ते सांगा.”

आधी हे बघा, मग पुढचं वाचा

काही लक्षणं असतील तर हा लेख बाजूला ठेवायचा. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, लघवी अडकणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा येणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, अगदी रात्रीचे दोन वाजले असले तरी, हॉस्पिटल गाठा. मणक्यातल्या खालच्या नसांच्या झुपक्यावर दाब आला की असं होतं आणि तिथे तासांचा हिशोब असतो. चालताना पाऊल उचललं न जाता चप्पल घासत असेल, पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन विनाकारण उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, रात्री कूस बदलूनही दुखणं थांबत नसेल, किंवा दुखणं पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालं असेल, तर आधी डॉक्टर. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असलेल्यांनी आणि नुकतं बाळंतपण झालेल्या बायकांनी हा क्रम स्वतःच्या डॉक्टरांना किंवा फिजिओला दाखवून, बदलून घेतल्याशिवाय वापरू नये.

रिपोर्ट घरी आणल्यावर

एमआरआयचा कागद माणसाला दुखण्यापेक्षा जास्त घाबरवतो. “मणक्यात गॅप आहे”, “गादी सरकलीय” हे शब्द एकदा कानावर पडले की माणूस पुढे वर्षभर काचेच्या भांड्यासारखा वावरतो. २०१५ साली एका अभ्यासात पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचे तोवरचे निष्कर्ष एकत्र केले गेले. चकती फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीतल्या लोकांत सुमारे ३० टक्के होतं आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्के. म्हणजे कागदावर जे दिसतं तेच दुखतंय असं दर वेळी नसतं. सरकलेल्या चकतीचा बाहेर आलेला भाग काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून घेतं, असंही पुष्कळांच्या बाबतीत होतं.

कागदापेक्षा जास्त उपयोगी एक गोष्ट स्वतःच तपासता येते, ती म्हणजे दुखणं कोणत्या दिशेचं आहे. पुढे वाकल्यावर, बराच वेळ बसल्यावर, शिंकल्यावर वाढतं आणि चाललं की कमी होतं? चकतीच्या दुखण्यात बहुधा असं होतं. अशांनी पाठ गोल होऊ न देण्यावर सगळा भर द्यायचा. याउलट उभं राहून, मागे झुकून, उतारावरून चालताना वाढतं आणि बसलं की बरं वाटतं? मणक्याची नळी अरुंद असणं किंवा मणका पुढे घसरलेला असणं यात असं होतं. अशांचा शत्रू स्विंगच्या वरच्या टोकाला मागे कलणं हा असतो. दोघांनाही “कंबर दुखते” म्हणतात आणि दोघांना एकच व्यायाम सांगितला जातो, तिथेच घोळ होतो. आपण कोणत्या गटात आहोत हे फिजिओकडून पक्कं करून घ्या. एका भेटीचं काम आहे.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. पायातली कळ वर सरकत सरकत कंबरेत गोळा होत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते बरं लक्षण. कळ कंबरेतून मांडीत, मांडीतून पोटरीत उतरत असेल तर कंबर कमी दुखत असली तरी ते वाईट. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांची सगळी पद्धत या निरीक्षणावर उभी आहे.

केव्हा सुरू करायचं

तारीख ठरवू नका. “सहा आठवडे झाले, आता चालेल” हा हिशोब प्लास्टरचा असतो, कंबरेचा नाही. मी या पाच गोष्टी जमेपर्यंत थांबलो: सपाट रस्त्यावर अर्धा तास न थांबता चालणं, पाऊण तास खुर्चीत बसून उठल्यावर ताठ उभं राहता येणं, खोकला-शिंकेला कंबर धरावी न लागणं, सकाळी उभ्याने एक पाय वर घेऊन मोजा घालता येणं आणि दिवस वेदनाशामक गोळीशिवाय जाणं. शेवटची अट कडक वाटेल. पण गोळी घेऊन केलेला व्यायाम म्हणजे गाडीच्या तेलाच्या दिव्यावर चिकटपट्टी लावून लांब निघण्यासारखं आहे.

सामान: त्यात एक चौरंग

वजनं तीन लागतील. पूर्वी १६ किंवा २४ वापरणाऱ्या पुरुषांनी ८, १२ आणि १६ किलो घ्यावीत, ८ किंवा १२ वापरणाऱ्या बायकांनी ४, ६ आणि ८. आपल्या जुन्या वजनाच्या निम्म्याने किंवा त्याहून कमीने सुरुवात, हे तत्त्व. अहंकाराला थोडं लागतं. ज्या रशियन गिऱ्यांपासून (मूठ असलेल्या वजनांपासून) हे सगळं आलं त्यांचं माप पूड, म्हणजे १६.३८ किलो. म्हणून १६, २४, ३२ हे आकडे जिममध्ये इतके पवित्र झालेत. तुमच्या चकतीला पूड माहीत नाही.

बाहेरून प्लास्टिक आणि आत सिमेंट भरलेल्या स्वस्त केटलबेल टाळा. कमी वजनात त्या फार जाडजूड असतात, मांड्यांमधून जात नाहीत, मग माणूस हात पुढे धरतो आणि भार कंबरेवर येतो. जुन्या कास्ट आयर्नच्या मिळाल्या तर उत्तम, फक्त मुठीच्या खालच्या बाजूला ओतकामाची धार राहिलीय का ते बोट फिरवून बघा.

आणि चौरंग. देवघरातला नको, स्वयंपाकघरातला जुना चालेल. नसेल तर दोन पाट एकावर एक, किंवा विटा. सुरुवातीचे कित्येक आठवडे केटलबेल जमिनीवर ठेवायचीच नाही, ती चौरंगावर राहील. मूठ जमिनीपासून गुडघ्याच्या जवळपास आली की शेवटचा, सगळ्यात धोक्याचा वाकण्याचा भाग आपोआप गळतो. या एका युक्तीने मला जेवढं वाचवलं तेवढं कोणत्याही पट्ट्याने नाही. कमरेच्या पट्ट्याबद्दल विचाराल, तर दुखणं तीव्र असताना डॉक्टर सांगतील तेवढे दिवस ठीक. व्यायामाला मात्र पट्टा बांधून उतरावं लागत असेल तर अजून व्यायामाची वेळ झालेली नाही.

पहिले दोन-तीन आठवडे: वजनाला हात नाही

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी अनेक वर्षं पाठीच्या कण्यावर काम केलं. त्यांनी सुचवलेले तीन व्यायाम आता बहुतेक फिजिओ शिकवतात. तिन्हींचा हेतू एकच: हातपाय हलत असताना कणा जागचा हलू नये.

पहिला पाठीवर झोपून. एक गुडघा वाकवलेला, दुसरा पाय सरळ, दोन्ही तळवे कंबरेखालच्या पोकळीत. डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे, दोन बोटं आत जातील इतकेच. कंबर तळव्यांवर दाबली गेली तर जास्त झालं. दुसरा कुशीवरचा: कोपर आणि गुडघ्यांवर भार देऊन कमरेचा भाग उचलून धरायचा. पुढे जमेल तसं गुडघ्यांऐवजी पावलांवर. तिसरा रांगण्याच्या स्थितीत: उजवा हात पुढे, डावा पाय मागे, मग उलट. पाठीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवलीय असं समजा. मी एकदा खरंच ठेवून बघितली. सतरंजी वाळायला दुपार लागली.

प्रत्येक वेळी १० सेकंद धरायचं, याहून जास्त नाही. पहिल्या फेरीत प्रत्येक बाजूला ६ वेळा, दुसरीत ४, तिसरीत २. थकवा येईल तशा खेपा कमी होतात, म्हणून शेवटची खेपही नीट होते. याला जोडून पाठीवर झोपून कुल्हे उचलण्याचे १० चे दोन सेट आणि दिवसातून दोन-तीनदा १०-१५ मिनिटं चालणं, हात मोकळे सोडून, मोबाइल खिशात.

या काळात जोर नकोत आणि सूर्यनमस्कारही नकोत. जोरात कणा एकदा गोल आणि एकदा मागे असा पूर्ण फिरतो. नमस्कारात पाय ताठ ठेवून वाकावं लागतं. तालमीत वाढलेल्यांना हे ऐकवत नाही, माझ्या काकांना तर अपमानच वाटला. कायमचे सोडायचे नाहीत, काही महिने थांबायचं.

मांडीच्या मागे ओढल्यासारखं होतंय म्हणून पायाचे अंगठे धरून जोरात ताण देणं हीसुद्धा नेहमीची चूक. सायटिकात (कंबरेतून पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यात) ती ओढ अनेकदा स्नायूची नसते, नसेची असते. चिडलेल्या नसेला ताणलं की ती आणखी चिडते.

हिंज: वाकायचं कुठून

बहुतेक लोक कंबरेतून वाकतात. केटलबेलसाठी वाकायचं खुब्यातून, म्हणजे मांडी जिथे धडाला जोडली जाते तिथून. दाराच्या बिजागरीसारखं, म्हणूनच याला हिंज म्हणतात. फळी सरळ राहते, फिरते ती बिजागरी.

झाडूचा दांडा किंवा साधी काठी घ्या. पाठीला उभी लावा, एक हात मानेमागे, दुसरा कंबरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांमधली जागा आणि माकडहाड. भिंतीकडे पाठ करून पाऊलभर पुढे उभे राहा. गुडघे थोडे सैल सोडा आणि हात भरलेले असताना स्कूटरची डिकी कुल्ह्याने बंद करतो तसे कुल्हे मागे न्या, भिंतीला टेकेपर्यंत. काठीचा एकही टेकू सुटता कामा नये. डोकं सुटलं तर मान वर करताय. माकडहाड सुटलं तर कंबर गोल होतेय, तिथेच थांबा. आजची तुमची मर्यादा तेवढीच. आठवड्याभरात भिंतीपासून बोट-दोन बोटं पुढे सरकायचं.

पोट आवळणं म्हणजे पोट आत ओढणं नव्हे. कुणी गमतीने पोटात गुद्दा मारायला आलं तर पोट जसं कडक होतं, तसं. बोटं कुशीत दाबून बघा, बोटं बाहेर ढकलली गेली पाहिजेत. जोर पूर्ण लावायचा नाही, चार आणे पुरे. आणि त्यात श्वास चालू राहिला पाहिजे.

मी काठी घेऊन रोज २० खेपा केल्या, दोन आठवडे, चहाचं आधण येईपर्यंत. कंटाळवाणं आहे. पण पुढचं सगळं याच हालचालीवर उभं राहतं.

उचलणं, ठेवणं

आता केटलबेल चौरंगावर. चौरंग दोन पायांच्या मधे, घोट्यांच्या रेषेत. पुढे ठेवाल तर हात लांब जातील आणि वजन न वाढताही कंबरेवरचा भार वाढेल. कुल्हे मागे, दोन्ही हात मुठीवर. उचलायच्या आधी मूठ दोन हातांनी मोडायची आहे अशी आवळा. काखा घट्ट होतात, पाठ कडक होते. पोट आवळा आणि पावलांनी जमीन खाली दाबत उभे राहा. वर गेल्यावर कुल्हे घट्ट, बरगड्या खाली. मागे झुकायचं नाही.

ठेवताना त्याच वाटेने खाली. केटलबेल चौरंगावर टेकली, तिचा आवाज आला, मूठ सोडली, हात मोकळे झाले, मगच पोट सैल. माझी कंबर गेली ती या चार गोष्टींच्या मधल्या फटीत. मनाने सेट संपला होता, केटलबेल अजून हातात होती.

म्हणून मी घरात एक नियम केला. केटलबेल जमिनीवर असेपर्यंतच कुणी हाक मारायची. फोन दुसऱ्या खोलीत. घंटी वाजली तर वाजू दे. जिममध्येही बघा, लोक सेट आरशासमोर सुंदर करतात आणि मग केटलबेल स्टँडवर ठेवायला एका हाताने, कंबरेत वळून, गप्पा मारत जातात. स्टँडच्या खालच्या कप्प्यातून वजन काढणं हा तर अवघड डेडलिफ्ट (वजन खालून उचलून सरळ उभं राहणं) आहे, त्याला कुणी सेटमध्ये धरत नाही. सुरुवातीला कुणाला तरी काढून द्यायला सांगा. लाजायचं कारण नाही.

आठवड्यातून तीन दिवस, एक आड एक. ८ किलोने ५ खेपांचे ३ सेट, मग ८ खेपांचे. त्यानंतर १२ किलो. १२ किलो चौरंगावरून ८ च्या ३ सेटमध्ये दोन आठवडे शांतपणे गेलं की चौरंगाच्या जागी एक पाट, मग जाड पुस्तक, मग जमीन. उंची कमी केली त्या दिवशी वजन वाढवायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: वजन, खेपा, उंची किंवा दिवस. दोन बदलल्या आणि दुखलं, तर दोष कुणाचा ते कळत नाही.

बाकीचे व्यायाम थोडक्यात

डेडलिफ्ट बसला की एका हातात केटलबेल घेऊन चालणं सुरू करा, बादली नेतो तसं, पण बादलीच्या बाजूला न कलता. प्रत्येक हाताने २० पावलं, ३ फेऱ्या. कुशीचे स्नायू याने तयार होतात आणि कण्याला वळवावं-वाकवावं लागत नाही. पाणी वाहणारी आजी हे रोज करायची, तिने नाव दिलं नाही इतकंच.

छातीशी केटलबेल धरून खुर्चीवर बसणं-उठणं चालेल. खुर्ची उंच ठेवा. खाली खोल जाताना कुल्हे आत वळून कंबर गोल होते, तेवढं खाली सध्या जायचं नाही. एक गुडघा जमिनीवर टेकून खांद्यावरून वर ढकलणं उभ्यापेक्षा बरं, कारण त्या बैठकीत मागे कलून चोरी करता येत नाही. ओणवं होऊन ओढण्याचे प्रकार करायचे तर एक हात पलंगाला किंवा टेबलाला टेकवून.

स्विंग

इथे घाई होते. माझीही झाली. डेडलिफ्ट चांगला जमतो म्हणजे स्विंग जमेल, असं वाटतं. पण दोन्हींत कण्यावर येणारा भार वेगळा असतो. मॅकगिल यांनीच २०१२ मध्ये १६ किलोच्या स्विंगची मोजमापं प्रसिद्ध केली. साध्या उचलण्यात वरचा मणका खालच्यावरून पुढे सरकवणारा जोर येतो. स्विंगमध्ये एल-४ मणका एल-५ वरून उलट, मागच्या दिशेने ढकलला जातो असं त्यांना दिसलं. डेडलिफ्ट सोसणाऱ्या काहींना स्विंग का सोसत नाही, आणि काहींना स्विंगनेच बरं का वाटतं, याचं एक कारण त्यात सापडतं. तेव्हा शेजाऱ्याचा अनुभव तुमच्या उपयोगाचा नाही, तुमचा तुम्हालाच घ्यावा लागेल, तोही लहान घोटांनी.

माझी अट अशी होती: ज्या वजनाने स्विंग मारणार त्याच्या दुप्पट वजनाचा डेडलिफ्ट जमिनीवरून ८ च्या ३ सेटमध्ये, सलग दोन आठवडे, सकाळची तक्रार न येता. म्हणजे १२ चा स्विंग हवा तर २४ चा डेडलिफ्ट.

सुरुवात थांबून-थांबून मारायच्या स्विंगने. केटलबेल बोटांच्या फूटभर पुढे. हिंज करून मूठ धरा, केटलबेल थोडी स्वतःकडे कलती करा. पोट आवळा. कबड्डीत पाय मागे खेचतो तशी तिला झटक्यात मांड्यांमधून मागे न्या, एकदा वर जाऊ द्या, परत मागे येऊ द्या आणि पुढे जमिनीवर ठेवा. हात सोडा. श्वास घ्या. ही एक खेप. अशा ५ खेपा, ३ सेट. एका स्विंगला एक उचलणं आणि एक ठेवणं, म्हणजे जिथे मोडलो तिथलीच डागडुजी.

बघायचं काय? मोबाइल खिडकीत कमरेच्या उंचीवर ठेवून बाजूने चित्रण करा. मागे जाताना केटलबेल गुडघ्यांच्या वर राहिली पाहिजे. गुडघ्यांखालून लोंबत गेली तर कंबर गोल झाली समजा. मनगटाच्या वरचा भाग मांडीच्या आतल्या बाजूला, अगदी वर, टेकला पाहिजे. खाली येताना लवकर वाकू नका. केटलबेल अंगावर येतेय, येतेय, आणि हात पोटाला लागतात तेव्हाच कुल्हे मागे. वरच्या टोकाला शरीर काठीसारखं सरळ, कुल्हे घट्ट, तोंडातून छोटा श्वास बाहेर. केटलबेल छातीपर्यंत आली तर आली, नाहीतर बेंबीपर्यंत पुरे. हातांनी उचलायची नाही. डोक्यावर नेण्याचा प्रकार आपल्यासाठी नाही.

दोन आठवड्यांनी सलग ५ स्विंग, दर मिनिटाच्या सुरुवातीला, ६ मिनिटं. उरलेला वेळ चालत राहायचं, बसायचं नाही. मग ८ मिनिटं, १० मिनिटं. १० मिनिटांत ५० झाले की पाचाचे सात करा. सलग १० च्या वर मी अजूनही जात नाही. दम लागल्यावर आधी हिंज बिघडतो, नंतर कळतं. सेट थांबवायची वेळ दुखल्यावर येत नाही. केटलबेलचा आवाज बदलला, ती जमिनीवर आदळायला लागली, की थांबायचं.

सकाळचा हिशोब

वहीत रोज तीन आकडे लिहायचे, शून्य ते दहात. व्यायाम करताना किती दुखलं, झोपताना किती आणि सकाळी मोजे घालताना किती. पायाची कळ वेगळी लिहायची.

करताना दोनपर्यंत कुरकुर चालेल. सकाळी नेहमीइतकंच असेल तर पुढच्या वेळी तेच, आणि असं दोनदा झालं तर एक पायरी पुढे. सकाळी एक-दोन आकड्यांनी वाढलं आणि आंघोळ, चहा, थोडं चालणं झाल्यावर उतरलं, तर पुढच्या वेळी तेच वजन, खेपा निम्म्या. दिवसभर वाढलेलंच राहिलं किंवा कळ गुडघ्याखाली उतरली, तर दोन पायऱ्या मागे. आणि नवी बधिरता किंवा पायात कमजोरी वाटली तर व्यायाम बंद, फिजिओला फोन.

वही महिन्याने चाळली की मजेशीर गोष्टी दिसतात. माझी वाईट सकाळ व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी फारशी यायचीच नाही. ती यायची रविवारच्या लांब ड्रायव्हिंगनंतर, आणि खड्ड्यांतून पाऊण तास स्कूटर चालवली त्याच्या दुसऱ्या दिवशी. केटलबेलवर आळ उगाच येत होता.

पहाटे उठून लगेच व्यायाम करणाऱ्यांसाठी एक सूचना. रात्री आडवं असताना चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर तरी जास्त भरते. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. उठल्यावर निदान तासभर वाकणं, उचलणं, स्विंग काही नको. सहाला उठत असाल तर आधी फिरून या, मग सातला केटलबेल.

उलटलंच तर

एकदा तरी उलटतंच. माझं उलटलं ते सहाव्या महिन्यात, बरं वाटतंय म्हणून एकाच दिवशी वजनही वाढवलं आणि सेटही. दुसऱ्या दिवशी भिंत धरून बाथरूम. पहिल्या झटक्यात जशी भीती वाटली होती तशीच वाटली, पण कळ पायात उतरली नव्हती. पहिले दोन दिवस दर तासाला पाच-पाच मिनिटं चाललो, तिसऱ्या दिवसापासून मॅकगिलचे तीन व्यायाम, आठवड्याने काठी, दहाव्या दिवशी चौरंगावरून ८ किलो. अंथरुणावर पडून राहिलो असतो तर जास्त लांबलं असतं. शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही, चार-पाच पायऱ्या मागे जावं लागतं.

उरलेले तेवीस तास

घरगुती गॅसचा सिलिंडर: आत १४.२ किलो गॅस आणि रिकाम्या टाकीचं वजन जवळपास तेवढंच, म्हणजे तीसच्या आसपास. पाण्याचा मोठा जार २० किलो. लोक ८ किलोच्या केटलबेलला काठी लावून सराव करतात आणि मग तोच जार पाठ गोल करून, फिरत फिरत डिस्पेन्सरवर चढवतात. जमिनीवरून उचलायची प्रत्येक जड वस्तू ही केटलबेलच समजायची: जवळ या, कुल्हे मागे, पोट आवळा, वळायचं तर पावलं फिरवून वळा. सिलिंडर उचलू नका, तळाच्या कडेवर कलता करून फिरवत न्या. सणाच्या आदल्या दिवशी माळ्यावरून डबे काढायचं काम पोरांना द्या, त्यांच्या चकत्या नव्या आहेत.

पुढे काय

दोन हातांचा स्विंग तीन महिने शांतपणे चालला की एका हाताचा, अर्ध्या वजनाने. त्यात कणा वळवणारा ओढा येतो, म्हणून तो नंतर. टर्किश गेटअप (एका हाताने वजन वर धरून झोपल्याचं उभं राहणं) आधी कोपरापर्यंत, मग तळव्यापर्यंत, महिन्याभराने पूर्ण, तोही मुठीवर चप्पल ठेवून, ती न पाडता. क्लीन, म्हणजे केटलबेल खालून खांद्याशी आणणं, त्याच्या मागे. स्नॅचबद्दल, म्हणजे एका झटक्यात केटलबेल डोक्यावर नेण्याबद्दल, मला सारखं विचारतात. मी करत नाही. डॉक्टरांनी मनाई केली म्हणून नाही. स्विंग, डेडलिफ्ट, प्रेस (खांद्यावरून वर ढकलणं) आणि एका हातात वजन घेऊन चालणं यात मला हवं ते सगळं मिळतं, आणि स्नॅच चुकला तर वजन डोक्यावरून खाली यायचा रस्ता फार लांब आहे. स्पर्धेत उतरायचं असेल तर तुमचं गणित वेगळं. मग शिकवणारा समोर हवा.

सध्या मी १६ ने स्विंग मारतो, ३२ चा डेडलिफ्ट करतो. ती जुनी २४ घरातच आहे. थंडीच्या दिवसांत, सकाळी कंबर जरा आखडलेली वाटली, की तिला अजूनही चौरंगावर बसवतो.